मोजलं, पण पुढं काय?

मागच्या महिन्यात गटाची बैठक झाली, बचतीचे पैसे मोजून झाले, वही मिटली, आणि एका मावशीनं विचारलं, "ते पिशवीचं मोजायला आले होते, त्याचं काय झालं गं?" आम्हा कुणालाच नीट सांगता आलं नाही. म्हणून आज तेच बोलू.

२०१९ साली आपला बीड जिल्हा देशभर गाजला. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या गर्भपिशव्या तरुण वयात काढल्या जातात, ही ती बातमी. राष्ट्रीय महिला आयोगानं राज्य सरकारला नोटीस धाडली. जून महिन्यात आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात आकडा सांगितला: तीन वर्षांत ९९ खाजगी दवाखान्यांत ४,६०५ ऑपरेशनं. मग डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. ऊसतोडीच्या ८२,३०९ बायांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहा जणींत एक.

आकडा ऐकून जग हादरलं. आम्ही मात्र आपल्या बैठकीतल्या बाया मनातल्या मनात मोजल्या.

कारणं तुम्हाला आम्ही काय सांगायची? कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. एकीचा खाडा पडला तरी पैसे कापले जातात. फडात ना संडास, ना पाळीत कपडा बदलायला आडोसा. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, दवाखान्यात कुणी म्हणतं, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. उचलीतनंच ऑपरेशन होतं. पुढं कंबर धरते, हाडं ठणकतात, मोळी उचलत नाही. आणि घरात ऐकायला मिळतं, "सही तूच केलीस ना?"

बायांनो, घाबरवून घेतलेली सही ही आपली चूक नव्हे. हे आधी एकमेकींना म्हणा. आम्हालाही ते म्हणायला वेळ लागला.

आता मावशीच्या प्रश्नाकडे. चौकशी म्हणजे कोर्ट नाही. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखाली नेमलेला आयोगसुद्धा साक्षीदार बोलावतो, शपथेवर जबाब घेतो, कागद मागवतो. शिक्षा देत नाही. आपली तर नुसती समिती होती. मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. गुंडेवार आयोगानं तो गोळीबार गरजेचा नव्हता असं म्हटलं. पण अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली ती कोर्टानं, आणि तीही २००९ साली. आयोगाचं दार वेगळं, कोर्टाचं वेगळं. एक उघडलं म्हणून दुसरं आपोआप उघडत नाही.

आपल्याकडं काहीच झालं नाही असं मात्र आम्ही म्हणणार नाही. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खाजगी दवाखान्यानं पिशवी काढायची नाही, असा नियम आला. तोडीला जाण्याआधी आणि आल्यावर तपासणी करायचं ठरलं. पुढच्या पोरींसाठी हे चांगलंच. पण जिची पिशवी गेली, तिला कुणी विचारलं का, बाई, तुला काय पाहिजे? आमच्या गटातली एक म्हणाली, "मला पैसे नकोत, माझी चूक नव्हती एवढं कुणीतरी कागदावर लिहून द्या." दुसरी लगेच म्हणाली, "मला पैसेबी पाहिजेत." दोघीही बरोबर आहेत.

म्हणून आम्ही माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला बसलो. दहा रुपयांचा स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तोही नाही. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. विचारलंय एवढंच: समितीच्या कुठल्या शिफारशीवर काय केलं, परवानगीसाठी किती अर्ज आले, किती नाकारले. तुमच्या गटालाही लिहायचा असेल तर नमुना आमच्याकडं आहे. आणि दवाखान्याचे कागद, सोनोग्राफी, बिलं, जे असेल ते टाकू नका. पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवा.

दसरा झाला की गाड्या लागतील. त्याआधी मावशीला उत्तर वाचून दाखवायचं आहे.