शिकायला वयाची अट नाही
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



चाकण-भोसरी पट्ट्यात घरे कारखान्याच्या पाळ्यांवर चालतात. बारावी झाली की मुलगा कामाला लागतो, मुलीचे लग्न होते आणि डॉक्टर व्हायची इच्छा मनातच राहते. अशांनी डॉ. रखमाबाईंचे चरित्र ध्यानात घ्यावे.

त्यांचा जन्म मुंबईत १८६४ साली झाला. ११ व्या वर्षी लग्न झाले. पण त्या नांदायला गेल्या नाहीत, माहेरीच शिकल्या. १८८४ साली नवऱ्याने दावा लावला. १८८७ साली कोर्टाने हुकूम दिला, तेव्हा त्यांनी सासरापेक्षा तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ साली तडजोड झाली. १८८९ साली त्या लंडनला वैद्यकीच्या शिक्षणासाठी गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या. पुढे सुरत व राजकोट येथे त्यांनी रुग्णसेवा केली.

आज वाट अधिक मोकळी आहे. 'नीट' परीक्षेची कमाल वयोमर्यादा २०२२ साली उठली. बारावीला जीवशास्त्र नसेल, तर ते नंतर जादा विषय म्हणून देता येते, असे २०२३ साली ठरले. एम.बी.बी.एस.ला साडेचार वर्षे आणि वर १ वर्षाची इंटर्नशिप लागते.

मात्र कमावत्या माणसाची ही वर्षे घरालाच पेलावी लागतात. मंदिराची वर्गणी जशी वाटून घेतली, तसा हा भारही भावकीने वाटून घ्यावा. सुनेच्या हाती पुस्तक दिसले, तर सासूबाईंनी स्वयंपाकघर सांभाळावे. गावात डॉक्टर झाला, तर तो साऱ्या गावाचाच होईल.

जय हिंद! जय महाराष्ट्र!