कपाटातल्या कॅसेट्स आणि आमचं काम
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेलं भाषण)

आरती झाली आहे आणि प्रसाद वाटायचा आहे, या दोन्हींच्या मध्ये भाषण करणं अवघडच. म्हणून थोडक्यात सांगतो.

आम्ही तिघं. एकाकडे कॅमेरा, एकाकडे ध्वनी, आणि संकलनाबरोबर हिशेबाची वही तिसऱ्याकडे. दांडिया बाजारातल्या एका खोलीत आमचं ऑफिस आहे. वर्षभरात काय केलं आणि आता हातात काय आहे, ते सांगायला मंडळानं बोलावलं.

आधी पोटापाण्याचं. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यासाठी कामगारांच्या सुरक्षिततेवर बारा मिनिटांची फिल्म केली. आम्ही दोन दिवस कॅमेरा न काढता मशीनवरच्या माणसांशी बोलत बसलो. अपघात कधी होतो, तर पाळी संपत आली की, घाईत, हे त्यांनीच सांगितलं. फिल्म त्यावरच बेतली. गुजराती आणि हिंदी अशा दोन भाषांत ती झाली, आणि त्याच कारखान्यानं दुसरं काम दिलं. आमच्या धंद्यात यश म्हणतात ते हेच. लग्नाच्या मोसमात लग्नं असतातच. त्यांतून भाडं निघतं, म्हणून पुढची कामं करता येतात.

यंदाचं सगळ्यात समाधानाचं काम आपल्याच मंडळाचं. कार्यालयातल्या लोखंडी कपाटात व्हीएचएस कॅसेट्स पडून होत्या. जुने गणेशोत्सव, हौशी नाटकं, लहान मुलांच्या वेशभूषा. व्हीएचएस १९७६ साली जपानमध्ये आलं. त्याचे व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीनं, जपानच्याच फुनाईनं, २०१६ साली उत्पादन थांबवलं. म्हणजे आज जे व्हीसीआर चालतात ते सगळे जुने, आणि त्यांचे सुटे भाग मिळणंही कठीण.

आपल्याकडच्या पावसाळी दमटपणानं काही फितींवर पांढरी बुरशी आली होती. तशी कॅसेट तशीच लावली तर फीतही खराब होते आणि व्हीसीआरचं हेडही. म्हणून एकेक उघडून, साफ करून मग लावली. यात घाई करता येत नाही. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात. काही फिती तुटलेल्या निघाल्या, त्या जोडल्या. काहींवर चित्र उरलंच नव्हतं.

चित्र मिळालं, तर पुढची अडचण आली. ही माणसं कोण? एका रविवारी ज्येष्ठ मंडळींना बोलावून आम्ही चित्र थांबवत थांबवत दाखवलं. एक आजी एकदम म्हणाल्या, “अगं, ती पुढून दुसरी आपल्या पोळीतली धाकटी सून! नाटकात काम करते म्हणून घरात केवढा गहजब झाला होता!” तासाभरात वहीची चार पानं नावांनी भरली. तरी नऊ चेहरे तसेच राहिले. त्यांतला एक तबला वाजवतो आहे, आणि फार छान वाजवतो आहे. ते फोटो आम्ही मंडपाच्या दाराशी लावले आहेत. जाताना जरूर बघा.

बडोद्यात हे काम करताना दादासाहेब फाळक्यांची आठवण येतेच. सयाजीरावांच्या राजवटीत १८९० साली सुरू झालेल्या कलाभवनात ते शिकले. पुढे चित्रपटाकडे वळल्यावर त्यांनी रोपाची वाढ थोडी थोडी टिपून एक छोटी फिल्म केली, आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित झाला. तो चित्रपट आज पूर्ण मिळत नाही, काही भागच उरले आहेत. २००३च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म्सचा मोठा साठा जळाला. एवढ्या नावाजलेल्या चित्रपटांची ही गत, तर आपल्या कपाटातल्या कॅसेटची काळजी आपल्याशिवाय कोण करणार?

आता चालू काम. रावपुरा, दांडिया बाजार, मांडवी या भागांतल्या ऐंशीच्या पुढच्या मंडळींच्या आठवणी आम्ही चित्रित करतो आहोत. वाडा, शाळा, सण, राजवाड्यातली नोकरी, सासर-माहेर, जे त्यांना सांगावंसं वाटेल ते. त्यांची मराठी बडोद्याची आहे. वाक्य मराठीत सुरू होतं आणि मध्येच गुजराती शब्द येतो. खाली अक्षरं देताना ते शब्द बदलून ‘शुद्ध’ करावेत, असं आम्हाला सुचवलं गेलं. आम्ही तसं करत नाही. पाच-सहा पिढ्या इथे राहून जी भाषा झाली, ती तशीच ऐकू यायला हवी.

दुसरा प्रश्न नाजूक आहे. बोलता बोलता घरातली भांडणं निघतात, वाटण्या निघतात. म्हणून चित्रण झालं की ते आधी त्या व्यक्तीला दाखवतो. त्यांनी “हे काढा” म्हटलं की काढतो, कारण विचारत नाही. घरच्यांना प्रत देतो. मंडळाच्या संग्रहात काय ठेवायचं, ते त्या कुटुंबानं लिहून द्यायचं.

शेवटी तुमच्याकडे मागणं. घरी जुनी कॅसेट असेल तर “चालते का बघू” म्हणून लावू नका. पूर्वी सीडीवर उतरवून घेतली आहे म्हणून टाकूनही देऊ नका. घरी लिहिलेल्या सीडी हळूहळू वाचेनाशा होतात. उतरवल्यावर तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या गावी. मुलगी पुण्याला किंवा मुलगा परदेशी असेल तर ती त्यांच्याकडे द्या. आणि आज घरी गेल्यावर अल्बममधल्या फोटोंच्या मागे पेन्सिलीनं हलक्या हातानं नावं लिहा. त्याला आमची गरज नाही, आजी-आजोबांची आहे, आणि ते आत्ता घरात आहेत.

अनंत चतुर्दशीपर्यंत रोज संध्याकाळी मंडपाशेजारी आमचं टेबल आहे. मंडळाच्या सभासदांकडून कॅसेट उतरवण्याची मजुरी घेणार नाही, डिस्क किंवा पेन ड्राइव्ह तेवढा तुमचा. कारखान्याच्या कामातून तेवढं सुटतं. आठवणी सांगायला कुणी तयार असतील तर त्यांचं नावही तिथेच द्या. आम्ही कॅमेरा घेऊन घरी येऊ, फक्त तेवढा वेळ पंखा बंद ठेवावा लागेल.

आणि त्या तबलजींचं नाव कुणाला माहीत असेल, तर आजच सांगा.

गणपती बाप्पा मोरया!