अधिकारीपदाची आकांक्षा आणि महाविद्यालयाची निवड



दहावीचा निकाल लागला की व्यापारी कुटुंबात मुलाच्या शिक्षणाचा निर्णय बहुधा एकाच संध्याकाळी होऊन जातो. वाणिज्य शाखा घ्यावी, गणित टाळता आल्यास टाळावे. पुढे पेढी आहेच! मुलाच्या मनात सैन्यदलातील अधिकारीपद असेल, तर मात्र ती संध्याकाळ फार महाग पडते.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत बारावीनंतर प्रवेश मिळतो. भूदलासाठी कोणतीही शाखा चालते. नौदल व वायुदलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित आवश्यक आहे. शिवाय लेखी परीक्षेच्या ९०० गुणांपैकी ३०० गुण गणिताचेच असतात. निवड झाल्यास विद्यापीठ शोधण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण तेथील पदवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची असते. मुलींना हे द्वार २०२२ पासून खुले झाले आणि २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी तेथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडली.

विद्यापीठाचा खरा विचार करावा लागतो तो पदवीनंतर जाऊ इच्छिणाऱ्यांना. केंद्रीय लोकसेवा आयोग संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा वर्षातून दोनदा घेतो. डेहराडूनच्या लष्करी प्रबोधिनीसाठी कोणत्याही शाखेची पदवी पुरते. वाणिज्य पदवीधरानेही संकोच बाळगू नये. नौदल प्रबोधिनीला अभियांत्रिकीची पदवी लागते. वायुदलासाठी अन्य पदवी चालते, पण बारावीला भौतिकशास्त्र व गणित हवे. अकरावीत टाकून दिलेला विषय असा पाच वर्षांनी समोर उभा राहतो.

कापड घेताना आपली माणसे ते ताणून पाहतात, रंग पक्का आहे का विचारतात. महाविद्यालय मात्र इमारत व नाव पाहून घेतले जाते! वास्तविक पाहावयाचे असते ते तेथे राष्ट्रीय छात्र सेनेचे पथक आहे की नाही. छात्रसेनेचे 'सी' प्रमाणपत्र किमान 'बी' श्रेणीत आणि पदवीला ५० टक्के गुण मिळविणाऱ्यांसाठी भूदलात विशेष प्रवेश योजना आहे. तिला लेखी परीक्षा नाही. उमेदवार सरळ सेवा निवड मंडळापुढे जातो. हे प्रमाणपत्र तिसऱ्या वर्षी मिळते, म्हणून पहिल्याच वर्षी नाव नोंदवावे लागते. दुसऱ्या वर्षी जाग आलेल्याची ही संधी बहुधा हुकते. निकाल वेळेवर लावणारे विद्यापीठ हाही गौण मुद्दा नव्हे. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याला परीक्षेस बसता येते, परंतु ठरलेल्या तारखेस पदवीचा पुरावा नसेल तर मिळालेली निवडही हातची जाते.

निवड मंडळाच्या चाचण्या सुमारे पाच दिवस चालतात आणि चांगले, हुशार मुलगेही तेथून परततात. नंतर वैद्यकीय तपासणी असतेच. म्हणून पदवी अशी असावी की जिच्यावर मुलगा अन्यत्रही उभा राहू शकेल. केवळ परीक्षेची तयारी करता यावी म्हणून सोपा विषय घेण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. तो घातक आहे.

प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी वडिलांनी मुलासह त्या महाविद्यालयातील छात्रसेना अधिकाऱ्यांना अवश्य भेटावे. पहिल्या वर्षी किती जागा भरतात, निवड कोणत्या दिवशी असते आणि धावण्याची चाचणी किती अंतराची, एवढे विचारून घ्यावे. दुकान तासभर उशिरा उघडले तरी चालेल.