संरक्षणाचा खर्च आणि लोकसभेचा डोळा

(वैभववाडी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहींनी मनात म्हटले असेल की, घाटाचा रस्ता दर पावसाळ्यात आमचा जीव टांगणीला लावतो, काजूच्या बीला भाव नाही, घराघरांतली पोरे मुंबईला आणि गोव्याला निघून गेली, आणि हे गृहस्थ आम्हांला परराष्ट्र धोरण शिकवायला आले! शंका रास्त आहे. पण ती आपल्या मनात रुजली कशी, हेही पाहिले पाहिजे. खासदाराने रस्ते, पाणी आणि बदल्या यांत लक्ष घालावे. तह, मदत आणि तोफा यांचे काय ते दिल्लीतले जाणकार पाहतील, ही वाटणी कोणत्याही पक्षाच्या राज्यकर्त्यांना सोयीचीच असते. आपल्या मुलखाने ती एकदा धुडकावून लावली होती, म्हणून हा विषय मी मुद्दाम इथे मांडतो आहे.

आजचा सिंधुदुर्ग जिल्हा ज्या राजापूर मतदारसंघात मोडत होता, त्या मतदारसंघाने १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुकांत बॅ. नाथ पै यांना लोकसभेत पाठविले. वेंगुर्ल्यात जन्मलेला हा माणूस लंडनला बॅरिस्टर झाला आणि आंतरराष्ट्रीय समाजवादी युवक संघटनेचा अध्यक्षही झाला. त्यांचा मतदार मात्र गिरणीतून येणाऱ्या मनिऑर्डरीवर चूल पेटविणारा होता. त्या मतदाराने आपल्या प्रतिनिधीला कधी विचारले नाही की, तिबेटबद्दल बोलून आमच्या पदरात काय पडणार? खेड्यातल्या माणसाला जगाचे कळत नाही असे समजणाऱ्यांनी हा इतिहास आठवावा.

प्रजासमाजवाद्यांची त्या काळातली परराष्ट्रविषयक भूमिका थोडक्यात अशी होती. अलिप्तता हवी, पण अलिप्तता म्हणजे मौन नव्हे. १९५६ च्या नोव्हेंबरात सोव्हिएत रणगाड्यांनी हंगेरीचा उठाव चिरडला. तेथे राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली निवडणुका घ्याव्यात, या ठरावाविरुद्ध भारताने मत दिले, आणि जयप्रकाशांनी त्याचा जाहीर निषेध केला. १९५४ च्या करारात तिबेट हा चीनचा प्रदेश असल्याचे आपण मान्य केले. त्याबद्दलही समाजवाद्यांनी सरकारला धारेवर धरले. पुढे १९६८ च्या ऑगस्टमध्ये चेकोस्लोव्हाकियावर चाल झाली तेव्हा सुरक्षा समितीत भारत तटस्थ राहिला. त्या वेळी आपला पक्ष सोडून काँग्रेसच्या मंत्रिमंडळात गेलेल्या अशोक मेहतांनाही ते सहन झाले नाही. त्यांनी राजीनामा दिला.

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले आणि पोर्तुगीजांच्या गोळ्यांना बळी पडले. पत्रादेवी इथून फार लांब नाही. मधु लिमये यांना त्याच लढ्यात लष्करी न्यायालयाने बारा वर्षांची शिक्षा ठोठावली. १९६१ च्या डिसेंबरात भारतीय सैन्य गोव्यात गेले, तेव्हा लोकशाहीचा जप करणारी पाश्चात्त्य राष्ट्रे सुरक्षा समितीत आपल्याविरुद्ध उभी राहिली. सोव्हिएत नकाराधिकाराने भारताची बाजू सावरली. ज्याने हंगेरी चिरडले त्याच्याच हाताने गोव्याच्या मुक्तीला आधार दिला! परराष्ट्र धोरण हे असे आहे. तेथे तत्त्व सोडता येत नाही आणि तत्त्वाची पाटी पुसून कोरी करकरीतही ठेवता येत नाही. आपल्या पक्षाच्या वहीतही डाग आहेत. १९५३ साली रंगून येथे भरलेल्या आशियाई समाजवादी परिषदेत इस्रायलचा मापाई पक्ष आपल्या पंक्तीला होता, आणि त्या स्नेहामुळे पॅलेस्टिनी निर्वासितांचे दुःख आपल्याला पुरेसे दिसले नाही, असे माझे मत आहे.

आता मदतीकडे वळू. इथे मी अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून जरा रेंगाळणार आहे. वयस्क मंडळींना रेशनवरचा तांबडा मिलो आठवत असेल. हे अमेरिकी धान्य ‘पी. एल. ४८०’ या कायद्याखाली येत असे. त्याची किंमत आपण रुपयांत चुकवीत होतो, म्हणून ते स्वस्त वाटे. प्रत्यक्षात त्याने दोन गोष्टी झाल्या. स्वस्त धान्याच्या आधारावर सरकारला शेतीकडे दुर्लक्ष करता आले. आणि दुष्काळ येताच आपली दोरी दुसऱ्याच्या हाती गेली. १९६६ साली आपण सुमारे एक कोटी टन धान्य आयात केले. त्याच वर्षी इंदिरा गांधींनी व्हिएतनामबद्दल अमेरिकेला न रुचणारी भाषा वापरली, आणि अध्यक्ष जॉन्सन यांनी जहाजे थोडी थोडी, हात राखून सोडली. ६ जून १९६६ रोजी मदत देणाऱ्यांच्या दडपणाखाली रुपयाचे अवमूल्यन झाले. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांना झाला. त्याआधी १९६३ मध्ये ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’शी प्रक्षेपकाचा करार झाला होता. आपल्याला शक्तिशाली यंत्र मिळायचे आणि त्यावरून काही तास त्यांचा कार्यक्रम जायचा. तो करार लोकमतापुढे टिकला नाही. प्रश्न विचारणारे सभागृह आणि जागरूक वृत्तपत्रे असली की काय घडू शकते, याचे हे चांगले उदाहरण आहे. साठलेल्या रुपयांचा हिशेब १९७४ साली मिटला. अमेरिकेने १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश देऊन तेवढ्या रकमेवरील हक्क सोडला.

आज आपण घेणाऱ्याच्या ओळीतून देणाऱ्याच्या ओळीत आलो आहोत. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात परराष्ट्र खात्याला सुमारे २०,५०० कोटी रुपये मिळाले. त्यांतील साडेपाच हजार कोटींच्या आसपास रक्कम इतर देशांच्या मदतीसाठी होती आणि एकट्या भूतानचा वाटा २,१५० कोटींचा होता. आपल्या मुलांच्या शाळा गळत असताना बाहेर पैसा का द्यायचा, असे तुम्हांला लोक विचारतील. त्यांना चुखा जलविद्युत प्रकल्पाचे उदाहरण द्या. ३३६ मेगावॅटचा हा प्रकल्प भारताने ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज देऊन भूतानमध्ये उभारला. तेथील वीज आपण विकत घेतो आणि भूतानच्या तिजोरीत उत्पन्न जाते. दोन्ही घरे त्यात सुखी आहेत. मात्र सवलतीच्या कर्जाची गोष्ट निराळी. त्या रकमेतला पाऊणएक माल आणि सेवा भारतातूनच घ्याव्यात अशी अट असते. मग ती शेजाऱ्याला मदत असते की आपल्याच कंत्राटदाराची विक्री, हे प्रकल्पागणिक तपासावे लागेल. मिलो खाल्लेल्या देशाने तरी दुसऱ्याच्या ताटात अटी वाढू नयेत.

संरक्षणाचा विषय सर्वांत अवघड. त्यावर प्रश्न विचारला की देशभक्तीच मोजायला काढतात. १९६२ च्या पराभवानंतर संरक्षणाचा खर्च वाढवायला समाजवाद्यांचा विरोध नव्हता. अक्साई चीनमधून रस्ता होईपर्यंत देशाला अंधारात का ठेवले, हा त्यांचा सवाल होता. १९६३-६४ साली संरक्षणाची तरतूद ८६७ कोटींवर गेली, आदल्या अंदाजपत्रकाच्या दुपटीहून अधिक. मग खरा प्रश्न आला की, भरायचे कोणी? सक्तीची ठेव योजना आली ती शेतसारा भरणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत; सुवर्णनियंत्रणाने सोनाराची भट्टी विझली. गरिबाच्या खिशात हात घालणारी ती ठेव योजना त्याच वर्षी बहुतांशी मागे घ्यावी लागली. एस. एम. जोशी तर संरक्षण कामगारांचेच नेते होते. तोफगोळा बनविणाऱ्या हाताला महागाई भत्ता मागण्याचा हक्क आहे, असे म्हणण्यात त्यांना देशद्रोह दिसला नाही. १९६० च्या जुलैतील केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपावर वटहुकूम निघाला. २०२१ साली आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या करताना वर्षभरासाठी संपबंदीचा कायदा झाला. मधल्या साठ वर्षांत सरकारे बदलली, औषध तेच राहिले.

२०२५-२६ साली संरक्षणावर ६ लाख ८१ हजार कोटींची तरतूद होती. त्यातले सुमारे १ लाख ६० हजार कोटी निवृत्तिवेतनाचे. हा आकडा नीट ध्यानात ठेवा, कारण जून २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेचे मूळ माझ्या मते याच आकड्यात आहे. चार वर्षे नोकरी, चारांतल्या एकालाच पुढे कायम नेमणूक, बाकीच्या तिघांना सुमारे पावणेबारा लाख रुपये आणि निवृत्तिवेतन नाही. आपल्या घाटाखालच्या गावांतली मुले बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राकडे आयुष्यभराची भाकरी म्हणून पाहत आली आहेत. खर्च वाचविणे हा गुन्हा नव्हे. पण ती बचत आधी जवानाच्या म्हातारपणातून का, विमाने-शस्त्रांच्या खरेदीतल्या गळतीतून का नाही, हे लोकसभेत आधी मांडले गेले नाही. योजना जाहीर झाली, मग गदारोळ झाला.

आणि लोकसभेची स्थिती काय आहे? २०१८ आणि २०२३ साली सर्व खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या चर्चेविना एकगठ्ठा मंजूर झाल्या. संसदीय भाषेत त्याला ‘गिलोटिन’ म्हणतात. शब्द अगदी योग्य आहे. परदेशांशी होणाऱ्या करारांना तर संसदेची संमती लागतच नाही. भूप्रदेश सोडायचा असेल तर घटनादुरुस्ती हवी, हे बेरुबारी प्रकरणात १९६० साली ठरले. कच्छच्या निवाड्यानंतर मधु लिमये न्यायालयात गेले, तेव्हा १९६९ मध्ये न्यायालयाने म्हटले की हे प्रदेश सोडणे नव्हे, सीमा आखणे आहे. ते प्रकरण हरले, तरी प्रश्न विचारला गेला. २०१५ साली बांगलादेशाशी भूभागांची अदलाबदल रीतसर शंभराव्या घटनादुरुस्तीने झाली, हे त्याच वाटेवरचे पाऊल होय.

तेव्हा उमेदवार मते मागायला येईल, त्याला रस्ता जरूर विचारा. पण संरक्षणाच्या मागण्यांवर तो किती मिनिटे बोलला, चर्चा न होता मत घेतले तेव्हा तो उठला की बसून राहिला, हेही विचारा. संसदेच्या स्थायी समित्यांचे अहवाल छापले जातात, पण ते मराठीत मिळत नाहीत. संरक्षण आणि परराष्ट्र खात्यांचे गेल्या वर्षीचे अहवाल मराठीत समजावून सांगण्याचे काम मी पत्करतो. चार बैठका लागतील. येताना वही घेऊन या.