वृश्चिकेचा चंद्र आणि मुलांचे मन



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी पहिली अक्षरे गिरवली, त्याच शाळेने कै. गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानासाठी मला पाचारण करावे, हा मी माझा बहुमान समजतो. गुरुजी आम्हांला गणित आणि संस्कृत शिकवीत. पंचांगाचे गणित हा त्यांचा आवडीचा विषय. दरवर्षी ते आम्हां मुलांना येथून उज्जयिनीला नेत, सवाई जयसिंहाच्या वेधशाळेतील सम्राटयंत्राची सावली दाखवीत आणि १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केल्याचे अभिमानाने सांगत. म्हणून आज मी त्यांच्याच प्रांतातला एक विषय घेतला आहे. चंद्र वृश्चिक राशीत असता जन्मलेल्या माणसाचे मन कसे असते, असे आपण मानतो, आणि तसे मानल्याने काय होते, हा तो विषय.

प्रथम थोडी उजळणी करू. आपल्याकडे 'रास कोणती?' या प्रश्नाचे उत्तर चंद्रावरून दिले जाते. पाश्चात्त्य वृत्तपत्रांतील रास सूर्यावरून ठरते. सूर्य एका राशीत महिनाभर असतो, तर चंद्र २७.३ दिवसांत बाराही राशी फिरून येत असल्याने एका राशीत सुमारे सव्वादोन दिवसच राहतो. चंद्राला मनाचा कारक मानण्याची कल्पना फार जुनी आहे. विराट पुरुषाच्या मनापासून चंद्र उत्पन्न झाला, असे ऋग्वेदाच्या पुरुषसूक्तातही सांगितले आहे. रोज आकार बदलणाऱ्या त्या बिंबात आपल्या पूर्वजांना मनाचे प्रतिबिंब दिसले असेल, तर त्यात नवल नाही.

विशाखा नक्षत्राचा चौथा चरण, संपूर्ण अनुराधा आणि संपूर्ण ज्येष्ठा मिळून वृश्चिक रास होते. आषाढातल्या रात्री आकाश निरभ्र मिळाले, तर दक्षिणेकडे हा विंचू स्पष्ट ओळखू येतो. त्याच्या हृदयस्थानी असलेली तांबूस तारा ती ज्येष्ठा. ग्रीकांनी तिला अंटारेस, म्हणजे मंगळाचा प्रतिस्पर्धी, असे नाव दिले. आपल्या ज्योतिषातही या राशीचा स्वामी मंगळच आहे. रास जलतत्त्वाची आणि स्थिर स्वभावाची. चंद्र वृषभेत ३ अंशांवर परमोच्च, तर समोरच्या वृश्चिकेत ३ अंशांवर परमनीच मानला जातो.

आता या सामग्रीतून स्वभाव कसा तयार होतो, ते पाहा. जल म्हणजे भावना. स्थिर म्हणजे ती वाहून न जाता साठून राहणारी. मंगळ म्हणजे दाह. आणि वर विंचवाची नांगी. या चार गोष्टी एकत्र केल्या की वर्णन आपोआप सिद्ध होते: हा मनुष्य खोल असतो, मनातले बोलत नाही, जीव लावतो तो पराकोटीचा, परंतु दुखावला तर विसरत नाही, मत्सरी, हट्टी, डूख धरणारा. राशींची पुस्तके आपण चाळली, तर हेच गुण थोड्याफार फरकाने आढळतील. वर्णन प्रत्ययकारी आहे, हे मी नाकारीत नाही. पण ते माणसांचे निरीक्षण करून सिद्ध झालेले नाही, प्रतीकांच्या बेरजेतून आलेले आहे.

सहाव्या शतकातील वराहमिहिर, जो आपल्या याच अवंतीचा, त्याच्या बृहज्जातकात वृश्चिकेच्या चंद्राचे फल दिले आहे. त्यात डोळे आणि छाती रुंद असणे, बालपणी आजार, पिता व गुरू यांचा वियोग, राजकुलात मान, अशा गोष्टी आहेत. क्रौर्य आणि पाप झाकण्याची वृत्ती यांचाही उल्लेख आहे. पण भर आहे तो देहावर आणि प्राक्तनावर. भावनांचे जे सूक्ष्म विवेचन आज राशीच्या नावाने केले जाते, त्याचा बराचसा भाग विसाव्या शतकातला आहे आणि त्याचा एक उगम विलायतेत सापडतो. लंडनचा ज्योतिषी अॅलन लिओ याच्यावर भविष्य सांगितल्याबद्दल खटले झाले आणि १९१७ साली त्याला दंडही झाला. 'अमुक घडेल' असे न म्हणता 'अमुक प्रवृत्ती आहे' असे म्हणण्याकडे त्याचा कल होताच. कायद्याच्या धाकाने त्याला बळ मिळाले. घटनांची जागा स्वभावाने घेतली. घटनेचे भाकीत खोटे ठरू शकते, स्वभावाचे मात्र सहसा ठरत नाही, हे येथे ध्यानात ठेवावे.

आता माझ्या घरातली एक हकीकत सांगतो. गुरुजींचा तिच्याशी संबंध आहे, म्हणूनच सांगण्याचे धाडस करतो.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला ताई म्हणत असू, वृश्चिक राशीची, ज्येष्ठा नक्षत्राच्या चौथ्या चरणावर जन्मलेली. लहानपणी ती रुसून कोपऱ्यात बसली की घरातले कोणीतरी म्हणे, 'विंचवाची रास ती, आत्ता गप्प आहे, नांगी केव्हा मारील सांगता येत नाही.' आम्हां इतर भावंडांचे रुसवे कोणी समजूत घालून काढी. तिचा रुसवा मात्र राशीच्या खात्यावर जमा होई. 'चंद्र नीचेचा आहे' हे वाक्य तर तिने कितीदा ऐकले असेल! ज्योतिषात नीच म्हणजे उच्च स्थानाच्या समोरचे स्थान, ग्रहाच्या बळाचा हिशेब, एवढाच अर्थ. पण आपल्या भाषेत तो शब्द शिवीसारखाही वापरला जातो, आणि आठ वर्षांच्या मुलीला त्यातला कोणता अर्थ कळणार?

पुढे लग्नाचे पाहू लागले. ज्येष्ठा नक्षत्राची वधू थोरल्या दिराला वाईट, हा समज आपणां सर्वांना ठाऊक आहे. ज्या स्थळी मुलाला वडील भाऊ असे, तेथून 'पत्रिका जुळत नाही' असा निरोप येई. वडील भाऊ नसे, तेथे राशीचा तापटपणा आड येई. ताई काही बोलत नसे, आणि तिचे न बोलणे हाच तिच्या राशीचा पुरावा ठरे.

१९६७ साली वडिलांनी तिचे टिपण गुरुजींपुढे ठेवले. गुरुजींनी जन्मवेळ विचारून घेतली, दोन पंचांगांवरून गणित मांडले आणि पाटी वडिलांपुढे सरकवली. आमच्या उपाध्यायांचे पंचांग चित्रापक्षाचे. लोकमान्य टिळकांच्या पुरस्काराने रूढ झालेले पंचांग रैवतपक्षाचे. राशिचक्राचा आरंभबिंदू कोणता धरायचा, यावर या दोन पक्षांत सुमारे ४ अंशांचा फरक आहे. चंद्राच्या गतीने पाहिले तर सुमारे सात तासांचा. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने १९५५ मध्ये चित्रापक्षाचा स्वीकार केला, तरी दुसरा पक्ष नाहीसा झाला नाही. एक राशी ३० अंशांची. म्हणजे दर सात-आठ माणसांमागे एकाची चंद्ररास या दोन पंचांगांत वेगवेगळी येणार. ताई त्यांपैकी एक होती. एका पक्षाने ती वृश्चिकेची, ज्येष्ठा नक्षत्राची. दुसऱ्या पक्षाने धनू राशीची, मूळ नक्षत्राची.

वडिलांना क्षणभर हायसे वाटले असावे. पण मूळ नक्षत्राची वधू सासऱ्याला वाईट, असाही समज आहेच. गुरुजी म्हणाले, 'पाहिलेत? चंद्र होता तेथेच आहे. आपले भय मात्र दिराच्या खोलीतून सासऱ्याच्या खोलीत गेले.'

मग त्यांनी दाराआड उभ्या असलेल्या ताईला बोलावले आणि म्हणाले, 'बाळ, या दुसऱ्या गणिताने तू धनू राशीची. मोकळ्या, उमद्या मनाची म्हणतात ती रास.' सगळे हसले. ताई हसली नाही. ती म्हणाली, 'मग गुरुजी, इतकी वर्षे मी कोणाचा स्वभाव सांभाळत होते?'

गुरुजींनी तिला उत्तर दिले नाही. त्यांनी पाटी पुसली. पुढे ते मला म्हणाले होते, की आपल्याला आयुष्यात विचारलेला सर्वांत कठीण प्रश्न तोच.

श्रोतेहो, त्या प्रश्नाकडे पाहण्याचा प्रयत्न पुढे मानसशास्त्रज्ञांनीही केला आहे. अमेरिकेतील बर्ट्रम फोरर या प्राध्यापकाने १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांना त्यांच्या स्वभावाचे वर्णन लिहून दिले आणि ते कितपत जुळते यासाठी ५ पैकी गुण मागितले. सरासरी ४.२६ गुण मिळाले. नंतर त्याने उघड केले, की सर्वांना दिलेला मजकूर एकच होता आणि त्यातला बराचसा ज्योतिषाच्या एका सामान्य पुस्तकातून घेतलेला होता. वृश्चिकेचे वर्णन याच दृष्टीने पुन्हा आठवा. दुखावल्यावर मनात ठेवणे, जिवलगाविषयी थोडा मत्सर वाटणे, काही गोष्टी कोणालाच न सांगणे, यांतले आपल्यापैकी कोणाला लागू नाही? हे दुखावलेल्या माणसाचे वर्णन आहे, मग त्याची रास कोणतीही असो.

आपल्याकडेही एक परीक्षण झाले. कै. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात हुशार आणि मतिमंद अशा दोन्ही गटांतील मिळून २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून मूल कोणत्या गटातले ते सांगितले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यांच्या यशाचे सरासरी प्रमाण ४६ टक्के होते. नाणे उडवून सांगितले असते, तरी ते ५० टक्क्यांच्या आसपास गेले असते. हे परीक्षण बुद्धीचे होते, भावनांचे नव्हते, हे मी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही पत्रिकेवरून मुलाविषयी काही ठरवून टाकण्यापूर्वी थांबावे, एवढा बोध त्यातून निश्चित मिळतो.

या सभागृहात ज्योतिषाचा आदर करणारी मंडळी बसली आहेत, याची मला जाणीव आहे. त्यांची श्रद्धा दुखवावी, हा माझा हेतू नाही. गुरुजी स्वतः नित्य पंचांग पाहत. राशींच्या भाषेने एक मोठे काम केले आहे, तेही मी मान्य करतो. ज्या घरांत मनाविषयी बोलण्याची रीतच नव्हती, तेथे 'हिची रास हळवी आहे, हिला जपा' एवढे तरी बोलता येत असे. कर्केच्या मुलाला त्या शब्दाने आईच्या मांडीवर थोडी अधिक जागा मिळाली असेल. पण जी भाषा एकाला मांडी देते, तीच दुसऱ्याला कोपरा देते. आणि मूल कोपऱ्यात का बसले आहे, हे विचारण्याची गरज मग कोणाला वाटत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे. रास चुकीची असो वा बरोबर, तिचे खरे नुकसान असे, की ती प्रश्न विचारण्यापूर्वीच उत्तर देऊन टाकते.

ताईने पुढे लग्न केले नाही. एका बालमंदिरात तिने ३० वर्षे शिकवले. मी एकदा तिच्या वर्गात गेलो होतो. एक मुलगी डबा न उघडता भिंतीकडे तोंड करून बसली होती. ताई तिच्या शेजारी जमिनीवर बसली आणि बराच वेळ काहीच बोलली नाही. मग हळूच म्हणाली, 'काय झालं गं?' थोड्या वेळाने ती मुलगी बोलू लागली. तिचा धाकटा भाऊ आजारी होता. मी ताईकडे पाहत होतो आणि मला आमच्या घरातला तो कोपरा आठवत होता, जेथे हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, ३६ मुलांच्या वर्गात सरासरीने तीन मुले वृश्चिक राशीची असतील. ती कोणती, हे शोधू नका. गप्प बसलेले मूल दिसले, तर त्याच्याजवळ जा आणि विचारा. पालकांना माझी विनंती आहे, की पत्रिका करावयाची तर अवश्य करा, परंतु तिच्यातली विशेषणे मुलांच्या कानांवर पडू देऊ नका. आणि विद्यार्थिमित्रांनो, आषाढात ढगांतून उघडीप मिळाली, तर गच्चीवर जाऊन दक्षिणेकडची ती तांबूस ज्येष्ठा जरूर पाहा. दर महिन्याला चंद्र तिच्याजवळून जातो. ते दृश्य सुंदर असते, आणि त्यात कोणाचा दोष नसतो.

गुरुजींनी त्या दिवशी पुसलेल्या पाटीचे ऋण फेडण्याचा मी आज यथामती प्रयत्न केला. गुरुजींच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून माझे भाषण संपवतो.