रक्ताचा अहवाल कोणाचा?

(वार्षिक सर्वसाधारण सभेत वैद्यकीय विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



खाटा, शस्त्रक्रिया आणि जमाखर्च यांचे आकडे छापील अहवालात आहेतच. आज आम्ही आपल्यापुढे एक निर्णय ठेवणार आहोत. त्यात वैद्यकाइतकाच कायद्याचा आणि नीतीचाही संबंध आहे.

मानवी जनुकसंचाच्या वाचनाचा जागतिक प्रकल्प २००३ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. तेव्हापासून आनुवंशिक तपासण्यांची संख्या वाढत गेली. आमच्या रुग्णालयाचा नित्य संबंध येतो तो मात्र त्यांतील एका साध्या तपासणीशी, ती म्हणजे थॅलसेमियाची. थॅलसेमियाचा वाहक असलेला मनुष्य सर्वसाधारणपणे निरोगी असतो. फार तर सौम्य पंडुरोग दिसतो, इतकेच. परंतु पती आणि पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला तीव्र थॅलसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा बालकाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते आणि शरीरात साचणारे लोह काढण्यासाठी औषधे घ्यावी लागतात. ही यातायात काय असते, हे या सभागृहातील कित्येक माता-पिता आमच्यापेक्षा अधिक जाणतात.

गेल्या वर्षी एका समाजसंस्थेचे कार्यकर्ते आमच्याकडे आले. त्यांच्या वधू-वर मेळाव्यात नाव नोंदविणाऱ्या प्रत्येक तरुण-तरुणीची ही तपासणी व्हावी, सर्व खर्च संस्था उचलील आणि शिवाय रक्तपेढीसाठी देणगीही देईल, असा त्यांचा प्रस्ताव होता. अट एकच होती. तपासणीचा निष्कर्ष परिचय-पुस्तिकेत शिक्षण, उंची आणि नोकरी यांच्या शेजारी छापला जावा. हेतू निर्मळ होता. त्यांच्यातील एका कुटुंबाची रक्तासाठी चाललेली धावपळ त्यांनी जवळून पाहिली होती. आम्ही तपासणीस आनंदाने होकार दिला, अट मात्र मान्य करता येणार नाही असे सांगितले. ही भूमिका विश्वस्त मंडळाने आज लेखी नियम म्हणून स्वीकारावी, ही आमची विनंती आहे. तिची कारणे सांगणे हे आमचे कर्तव्य आहे.

कार्यकर्त्यांचा युक्तिवाद बिनतोड वाटण्यासारखा होता. विवाह ठरविताना समोरच्या पक्षाला सत्य कळण्याचा अधिकार नाही काय? या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ मधील एका निकालाचा दाखला दिला जातो. एका व्यक्तीला एचआयव्हीची लागण असल्याची माहिती रुग्णालयाकडून बाहेर गेली आणि तिचा ठरलेला विवाह मोडला. नियोजित वधूच्या जिवाला असलेला धोका लक्षात घेता हा गोपनीयतेचा भंग ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. परंतु त्या निकालाचा आधार संसर्गाचा धोका हा होता. थॅलसेमियाच्या वाहकापासून जोडीदाराच्या प्रकृतीला काडीचाही धोका नसतो. प्रश्न उद्भवतो तो दोघेही वाहक असतील तरच, आणि तेव्हाही तो त्या दोघांनी मिळून सोडवायचा असतो. तो गावाच्या चर्चेचा विषय नव्हे.

नावे उघड झाली की काय होते, याचा अनुभव जगाने घेतला आहे. ग्रीसमधील ऑर्कोमेनॉस या गावात सिकलसेलची सामूहिक तपासणी झाली. काही वर्षांनी अभ्यासकांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हा वाहकांकडे कमीपणाने पाहिले जात असल्याचे आणि काहींनी लग्न ठरविताना ही बाब लपविल्याचे आढळले. तपासणी झालीच नसती तर जितके विवाह वाहक-वाहकांत झाले असते, जवळपास तितकेच झाले होते. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या आरंभी अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी सिकलसेलची तपासणी सक्तीची केली. निरोगी वाहकांनाही नोकरी आणि विमा यांत भेदभाव सोसावा लागला. हवाई दलाच्या अकादमीचे दार तर त्यांना १९८१ पर्यंत बंद होते. नोकरी आणि आरोग्यविमा यांतील आनुवंशिक भेदभावास मनाई करणारा संघराज्याचा कायदा तेथे २००८ मध्ये झाला. आयुर्विमा त्याच्याही कक्षेबाहेर राहिला.

याउलट सायप्रसचे उदाहरण पाहावे. तेथील चर्चने विवाहापूर्वी थॅलसेमियाच्या तपासणीचे प्रमाणपत्र आवश्यक केले. परंतु त्या प्रमाणपत्रावर वाहक आहे की नाही, हे लिहिलेले नसते. तपासणी झाली आणि योग्य सल्ला मिळाला, इतकेच नमूद असते. निष्कर्ष फक्त त्या जोडप्यालाच ठाऊक असतो. तीव्र थॅलसेमिया असलेल्या बालकांचे जन्म तेथे जवळजवळ थांबले. असेच प्रमाणपत्र आपण द्यावे, असा पर्याय आम्ही त्या संस्थेपुढे ठेवला आहे.

आपल्या देशात आनुवंशिक भेदभावाविरुद्ध स्वतंत्र कायदा नाही. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये दिला. आनुवंशिक विकाराच्या कारणावरून आरोग्यविम्याचा दावा नाकारण्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निकाल दिला आणि तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कायद्याची वाट अशी अर्धी चालून झालेली असताना, एकदा छापलेली पुस्तिका कोणाच्या हाती जाईल आणि वीस वर्षांनी तिचा कसा उपयोग होईल, याची हमी कोण देणार? हिमोग्लोबिनचे प्रमाण औषधाने बदलते, जनुक बदलत नाही. शिवाय एकाचा निष्कर्ष उघड झाला की त्याच्या भावंडांविषयीही कुजबुज सुरू होते. त्यांनी तर तपासणीला संमतीही दिलेली नसते.

दोन्ही वाहक असलेल्या जोडप्यांनी विवाह करू नये, असेही आम्ही सांगत नाही. गर्भारपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा सूक्ष्म अंश घेऊन गर्भाची तपासणी करता येते. गर्भलिंग निदानाच्या गैरवापराविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला आणि केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला. हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक विकारांसाठी गर्भतपासणीस त्या कायद्यात परवानगी आहे. मात्र स्त्रीला धोके समजावून सांगून, तिला समजणाऱ्या भाषेत तिची लेखी संमती घ्यावी लागते आणि गर्भाचे लिंग शब्दाने वा खुणेनेही सांगता येत नाही. पुढे गर्भपाताचा विचार झालाच, तर कायद्याला सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. समुपदेशकाने माहिती द्यावी, धीर द्यावा, कौल देऊ नये.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आमच्या रक्त-संक्रमण कक्षात बसलेल्या मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी या तपासणीचा असा अर्थ लावू नये, की त्यांचे जगणे कोणाला नकोसे आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने थॅलसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल यांना दिव्यांगत्वात स्थान दिले आहे. प्रतिबंध आणि उपचार ही एकाच सेवेची दोन अंगे आहेत. एकासाठी दुसऱ्याचा निधी आम्ही कधीही कमी करू देणार नाही.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आम्ही चार कलमे ठेवीत आहोत. तपासणी स्वेच्छेने व लेखी संमतीनेच व्हावी. अहवाल केवळ त्या व्यक्तीच्याच हाती द्यावा. आई-वडील, नियोजित सासर, मालक वा देणगीदार यांना नव्हे. वाहक आढळलेल्या प्रत्येकास विनामूल्य समुपदेशन मिळावे आणि भावंडांना तपासणी सुचविणारे पत्र त्याच्याच हाती द्यावे. ते पोहोचवावे की नाही, हे त्याने ठरवावे. आणि नावांची यादी कोणत्याही संस्थेस, कोणत्याही देणगीच्या बदल्यात, दिली जाऊ नये.

या नियमामुळे एखादी मोठी देणगी हातची जाऊ शकते, याची आम्हांला पूर्ण जाणीव आहे. यंत्रासाठी देणगी मिळणे तुलनेने सोपे असते, कारण यंत्रावर नावाची पाटी लावता येते. बंद दाराआड एखाद्या घाबरलेल्या तरुणीशी तासभर बोलणाऱ्या समुपदेशकाच्या वेतनावर पाटी लावता येत नाही. तरीही पूर्णवेळ समुपदेशकाच्या पदासाठी आपण हात द्यावा, अशी आमची नम्र विनंती आहे. आपले नाव त्या खोलीबाहेर नसेल, पण तेथून निश्चिंत मनाने बाहेर पडणाऱ्या माणसाच्या विश्वासात आपला वाटा निश्चित असेल.