श्रद्धा आणि कुंपण
(भंडारा येथील कार्यकर्त्यांपुढील भाषणाचा मजकूर)

आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या नागपूर-राजनांदगाव लोहमार्गावर १८९३ साली एका युरोपियन सहप्रवाशाने नारायण वामन टिळकांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी लक्ष्मीबाईंशी त्यांची काही वर्षे ताटातूट झाली. श्रद्धा बदलली की समाजही तुटतो, असा तेव्हाचा दंडक होता.

टिळकांनी तो अखेरपर्यंत मानला नाही. ख्रिस्ताकडे जाताना तुकारामाला पाठमोरे व्हावे लागते, हे त्यांना पटेना. १९१७ साली मिशनचे काम सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. तेथे बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघेही एकाच पंगतीचे. श्रद्धेतून बंधुभाव यावा, नवी जात नव्हे, हा त्यामागील विचार.

पण विचार थोर म्हणून वास्तव बदलत नाही. दलिताने धर्म बदलला तरी गाव त्याची जात विसरत नाही. चर्चच्या बाकांवरही ती येऊन बसते. कायदा मात्र ती पुसली गेली असे मानतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरताच ठेवला. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती व मुस्लिम दलित आजही बाहेर आहेत.

समाजवाद्याने ईश्वर मानावा की न मानावा, हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु एखाद्याच्या श्रद्धेची किंमत राज्याने त्याच्या हक्कांतून वसूल करावी, हे आपण कदापि मान्य करता कामा नये.